नवा संगणक तापतो? प्रोसेसरला दोष देण्याआधी जोडणी तपासा

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपविला. विंडोज ११ ला तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ज्यांच्या गल्ल्याशेजारी दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक बसलेला होता, अशा अनेक दुकानदारांना नवा संगणक घेणे भाग पडले. आमच्या तलासरी-डहाणू भागात पुष्कळ जण कंपनीचा तयार संगणक न घेता सुटे भाग आणून जोडून घेतात. कोणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणतो, कोणी सीमा ओलांडून वापीहून. चार पैसे वाचतात, हवे ते भाग निवडता येतात. यात गैर काहीच नाही. परंतु महिनाभरात एक तक्रार हमखास कानी येते. यंत्र नवे कोरे, तरी प्रोसेसरचे तापमान नव्वद अंशांवर जाते, पंखा घोंघावतो, बिल काढता काढता सारे मंदावते आणि कधी कधी यंत्र आपोआप बंद पडते.

हा प्रश्न किरकोळ समजू नये. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीचे एक विवरण ११ तारखेपर्यंत आणि दुसरे २० तारखेपर्यंत भरावे लागते. ऐन त्या दिवशी यंत्राने मान टाकली तर विलंब शुल्क आपल्याच खिशातून जाते. एम्ब्रॉयडरीचे नक्षीकाम संगणकावर बनविणाऱ्या कारागिराची तर रोजीच त्या यंत्रावर असते. सणाच्या तोंडावर त्याचे दोन दिवस बुडाले की गिऱ्हाईक दुसऱ्या दारी जाते.

याहून मोठे नुकसान पुढे होते. तापाचे कारण न शोधता लोक इलाज सुरू करतात. कोणी नवा प्रोसेसर घालतो, कोणी पाण्यावर चालणारा महागडा कूलर बसवितो, कोणी स्टॅबिलायझर आणतो, तर कोणी दुकानात एसी लावण्याच्या गोष्टी करतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. आम्ही कापडाचे व्यापारी, संगणकाचे इंजिनिअर नव्हे. तरीही जे पाहिले आणि जाणत्या कारागिरांकडून समजून घेतले, त्यावरून आमचे मत असे झाले आहे की, नवा संगणक तापतो तेव्हा दोष बहुतेक वेळा प्रोसेसरचा नसतो, जोडणीचा असतो. तो दोष पैसे चुकते करण्यापूर्वी अर्ध्या तासात पकडता येतो.

प्रथम ताप येतो कोठून ते पाहू. साध्या कार्यालयीन कामाचा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो. जुना पिवळा ६० वॅटचा दिवा आठवा. तेवढी उष्णता नखाएवढ्या तुकड्यातून निघते. ती बाहेर काढण्यासाठी प्रोसेसरवर धातूचा कूलर आणि त्यावर पंखा असतो. दोन धातू एकमेकांवर कितीही घट्ट बसविले तरी मध्ये बारीक पोकळी राहते. ती भरण्यासाठी थर्मल पेस्ट नावाचा लेप लावतात. इस्त्रीचा तवा कापडावर सपाट टेकला तरच घडी बसते, एका कोपऱ्यात उचलला गेला तर तेवढी सुरकुती राहते. कूलरचेही तसेच आहे. तो चारही बाजूंनी सारखा टेकला नाही तर पंखा कितीही जोरात फिरो, उष्णता प्रोसेसरमध्येच कोंडून राहते.

आता किती तापमान जास्त म्हणायचे? नुसता आकडा पाहून घाबरू नये. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले की प्रोसेसरचेही साधारण तेवढेच वाढते. डिसेंबरच्या सकाळी जे यंत्र पन्नासवर असते, ते मे महिन्याच्या दुपारी साठवर दिसले तर तो आजार नव्हे, तो ऋतू आहे. म्हणून खोलीचे तापमान आणि प्रोसेसरचे तापमान यांतील फरक पाहावा. काम नसताना हा फरक दहा ते वीस अंश असणे ठीक. पूर्ण भार टाकल्यावर साध्या ६५ वॅटच्या प्रोसेसरचे तापमान साठ ते ऐंशीच्या दरम्यान राहिले तर चिंता नको. मात्र काहीही काम चालू नसताना सत्तर, किंवा नुसते बिल काढताना नव्वद दिसत असेल, तर नक्कीच कोठेतरी पाणी मुरते आहे. शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की प्रोसेसर स्वतःचा जीव वाचविण्यासाठी वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद करतो. यंत्र मंदावते ते यामुळे.

तापमान पाहण्यास पैसे पडत नाहीत. संगणक सुरू करताना बायोसमध्ये गेले की ते दिसते. मात्र बायोसमध्ये प्रोसेसर वीज वाचवीत नसल्याने तेथला आकडा थोडा चढा असतो. खरी परीक्षा विंडोज सुरू झाल्यावर, तापमान दाखविणारे सॉफ्टवेअर लावून आणि वीस मिनिटे पूर्ण भार टाकून करावी.

त्या परीक्षेत दोन गोष्टींवर नजर ठेवावी. पहिली, तापमान चढते कसे? भार टाकताच चार-पाच सेकंदांत नव्वदीपार उडी मारली तर समजावे की कूलर प्रोसेसरला नीट टेकलेला नाही. दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढले तर कूलर ठीक आहे, पण पेटीतली गरम हवा बाहेर जात नाही. दुसरी परीक्षा त्याहून सोपी आहे. कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून तोच भार पुन्हा टाकावा. आठ-दहा अंश उतरले तर दोष हवेचा. काहीच फरक पडला नाही तर दोष कूलरच्या बैठकीचा. एवढ्या दोन परीक्षांनी निम्मे निदान होते.

कूलरच्या बैठकीत दोष निघाला तर यंत्र बंद करून, वायर काढून, कारागिराकडून तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. वेगळ्या विकत घेतलेल्या कूलरच्या बुडाला प्लास्टिकची पारदर्शक पट्टी चिकटविलेली असते. घाईत ती तशीच राहून जाते. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराला जोडणी करणाऱ्याने प्रोसेसर खराब आहे, नवा घाला, असे सांगून मोकळे केले होते. दुसऱ्या कारागिराने कूलर काढला तर बुडाला ती पट्टी जशीच्या तशी. पट्टी काढली, पेस्ट लावली आणि तोच प्रोसेसर मुकाट्याने कामाला लागला. प्रोसेसरचे हजारो रुपये वाया जाता जाता वाचले.

दुसरी गोष्ट पिनांची. इंटेलच्या प्रोसेसरसोबत डब्यात येणाऱ्या कूलरला दाबून बसवायच्या चार पिना असतात. त्या समोरासमोरच्या जोडीने दाबाव्या लागतात आणि प्रत्येकीचा टक असा आवाज यावा लागतो. तीन बसल्या आणि एक अर्धवट राहिली तरी कूलर तिरपा होतो. पिनेच्या डोक्यावरचा बाण पिन मोकळी करण्याची दिशा दाखवितो, बसविण्याची नव्हे. अनेकांची गफलत येथेच होते. तिसरी गोष्ट पेस्टची. मटारच्या दाण्याएवढी पुरते. एकदा कूलर उचलला की जुना लेप पुसून नवाच लावला पाहिजे. तोच दाबून पुन्हा बसविणे म्हणजे उसवलेल्या शिवणीवर इस्त्री फिरविणे.

हवेचा दोष असेल तर पंखे पाहावेत. पुढचा पंखा हवा आत घेणारा आणि मागचा बाहेर फेकणारा हवा. दोन्ही एकमेकांकडे हवा ढकलीत असतील तर पंखे असून नसल्यासारखे. सर्वसाधारणपणे ज्या बाजूला पंख्याच्या मधल्या मोटरीला आधार देणाऱ्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. तसेच कूलरच्या पंख्याची वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या जागीच लावलेली असावी. दुसरीकडे लावल्यास प्रोसेसर तापला तरी पंखा रेंगाळत फिरू शकतो.

हे सारे ठीक असूनही ताप उतरत नसेल तर बायोसमधील वीजमर्यादा पाहावी. ६५ वॅट हा आकडा मूळ वेगाचा असतो. इंटेलच्या आय-फाइव्ह १२४०० या प्रोसेसरची मूळ मर्यादा ६५ वॅट, तर जोर लावतानाची ११७ वॅट आहे. मोठ्या आय-नाइन १४९०० के मध्ये हेच आकडे १२५ आणि २५३ आहेत. काही मदरबोर्ड या मर्यादा स्वतःहून सैल करतात. हिशेबाच्या कामाला त्या जोराची गरज नसते. मर्यादा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणली की ताप उतरतो आणि कामात फरक जाणवत नाही. उलट एएमडीचे २०२२ मध्ये आलेले रायझन ७००० मालिकेतील काही मोठे प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत चालतील असेच बनविलेले आहेत. तेथे ९५ पाहून दुकानदाराशी भांडण काढण्यात अर्थ नाही. म्हणून आपण कोणता प्रोसेसर घेतला हे आधी माहीत हवे.

दोष खुद्द कंपनीचा नसतोच असेही आम्ही म्हणत नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अडखळत होते. जुलै २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले की, प्रोसेसरमधील सूचनांच्या चुकीमुळे त्यांना वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होते. ऑगस्टपासून बायोसद्वारे दुरुस्ती देण्यात आली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढविण्यात आली. असा प्रोसेसर असणाऱ्याने बायोस अद्ययावत करून घेतलाच पाहिजे. ही दुरुस्ती कितीही मोठा कूलर बसवून झाली नसती. आणि वाढीव वॉरंटीचा लाभ घेताना बिल जपून ठेवलेल्याचीच बाजू भक्कम राहिली.

आपल्या भागाच्या काही खास गोष्टीही आहेत. कापडाच्या दुकानात ताके उलगडताना बारीक तंतू उडतात. ते कूलरच्या पात्यांत जाऊन नमद्यासारखे बसतात. लोबान, उदबत्तीचा धूर त्यांना चिकट करतो. अशा ठिकाणी दर दोन-तीन महिन्यांनी साफसफाई हवीच. पुष्कळ दुकानांत कॅबिनेट गल्ल्याखालच्या बंद लाकडी खणात ठेवतात. तेथे यंत्र स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढते. मागे-पुढे वीतभर जागा मोकळी सोडावी आणि ते जमिनीवरून उचलून ठेवावे. मुंबईहून जोडून आणलेले यंत्र महामार्गावर हादरे खात येते. त्यात उंच, जड कूलर असेल तर बैठक सैल होण्याचा संभव असतो. गाडीत कॅबिनेट आडवे, मदरबोर्ड खाली राहील असे ठेवावे आणि दुकानात आल्यावर परीक्षा पुन्हा घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. कापड घेताना आपण ताका उघडून पाहतो, पन्हा मोजतो, दोरा तपासतो. मग तीस-चाळीस हजारांचे यंत्र ‘चालू झाले’ एवढ्यावर का स्वीकारावे? आमची सूचना अशी आहे की, उरलेली रक्कम देण्यापूर्वी बिलावर तीन आकडे लिहून घ्यावेत. खोलीचे तापमान, काम नसतानाचे प्रोसेसरचे तापमान आणि वीस मिनिटे पूर्ण भारानंतरचे तापमान. उद्या तक्रार उद्भवली तर तुलनेला आधार राहील आणि वाद तोंडी राहणार नाही. प्रोसेसर सीलबंद डब्यातला घ्यावा. त्यावर सामान्यतः तीन वर्षांची कंपनीची वॉरंटी मिळते. सुटा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण त्याची जबाबदारी विकणाऱ्याच्या शब्दावर असते. पक्के बिल घेतले तर नोंदणीकृत व्यापाऱ्याला १८ टक्के जीएसटीचा परतावाही हिशेबात धरता येतो, कंपोझिशनवाल्यांना मात्र तो नाही.

यावर जोडणी करणारे म्हणतील की, एवढा वेळ द्यायला परवडत नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही. सुटे भाग घेतल्यावर जोडणी फुकट करून द्या, असा आग्रह बाजारात सर्रास धरला जातो. फुकटच्या कामात वीस मिनिटांची परीक्षा कोण घेईल? शिवणाच्या मजुरीत घासाघीस करून वर टाका बारीक हवा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आपला शिंपी काय म्हणतो, ते कारागीर वाचकांना सांगायला नको. जोडणी हे हाताचे हुन्नर आहे. त्याची वाजवी मजुरी द्यावी, बिलात वेगळी लिहावी आणि मग तीन आकडे हक्काने मागावेत. मजुरीचे काही शे रुपये वाचवून हजारोंचा प्रोसेसर बदलण्यात कसला नफा?

आपल्या तरुणांनीही याकडे पाहावे. हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रम आयटीआयमध्ये शिकविला जातो. तलासरी, डहाणूच्या बाजारात जो पोरगा जोडणीसोबत तापमानाचा कागद सही करून देईल, त्याच्याकडे गिऱ्हाईक वापी-मुंबई सोडून येईल, अशी आमची खात्री आहे. व्यापाऱ्यांनी कागद मागायला सुरुवात करावी, कारागिरांनी तो द्यायला. मार्चअखेरीचे हिशेब आणि उन्हाळा एकदमच येतात. त्याआधी दुकानातल्या यंत्राची ही परीक्षा करून घ्यावी.