पंचाहत्तरी कुठे साजरी करायची?

तुळशीचे लग्न लागले की आमच्या दवाखान्यात एका वेगळ्याच प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. त्यांना ताप नसतो, खोकला नसतो. त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम लिहून हव्या असतात आणि ‘प्रवासाला हरकत नाही’ असा कागदही हवा असतो. मुलगा पुण्याला, बंगळूरला, नाहीतर थेट न्यू जर्सीला असतो. त्याने आईची किंवा वडिलांची पंचाहत्तरी तिकडेच करायचे ठरवलेले असते. हॉल घेतलेला असतो, तिकिटे काढलेली असतात. ज्यांचा वाढदिवस त्यांच्या चेहऱ्यावर आनंद असतो, पण त्या आनंदाच्या आड थोडी काळजीही दिसते.

वाढदिवसाचा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे कोणी विचारील. पण माझ्या मते हा विषय पुरोहित आणि केटरर यांच्याइतकाच डॉक्टरचाही आहे. कसा ते सांगतो.

आपल्याकडे साठीला षष्ट्यब्दीपूर्ती, पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव आणि पुढे सहस्रचंद्रदर्शन, असे टप्पे पूर्वीपासून ठरलेले आहेत. दोन पौर्णिमांमध्ये सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात, तेव्हा हजार पौर्णिमा म्हणजे जवळजवळ ८१ वर्षे झाली. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरच्या घरात आहे. पूर्वी गावात एखाद्याची पंचाहत्तरी झाली तर सारे गाव जेवायला येई. आता एकेका गल्लीत चार-चार पंचाहत्तऱ्या होतात. मात्र पूर्वी पंचाहत्तरी कुठे करायची हा प्रश्नच नव्हता. माणूस जिथे राही, तिथेच त्याची मुलेही असत आणि मित्रही. आज मुले एकीकडे, मित्र दुसरीकडे, आणि सत्कारमूर्ती कधी इकडे तर कधी तिकडे, अशी अवस्था आहे.

आमच्या तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक पत्नी गेल्यानंतर बंगळूरला मुलाकडे राहायला गेले. मुलगा भला, सून त्याहून भली. दोघांनी हौसेने वडिलांची पंचाहत्तरी एका मोठ्या हॉटेलात केली. दीडशे माणसे जेवली. पुढे जमिनीच्या कामासाठी गुरुजी गावी आले आणि रक्तदाब तपासून घ्यायला माझ्याकडे आले. समारंभ कसा झाला, म्हणून मी विचारले. ते म्हणाले, “थाटात झाला. त्या दीडशेंतली अकरा माणसे माझ्या ओळखीची होती. सगळे पाया पडले हो डॉक्टर, पण मला अरे-तुरे करणारा एकही नव्हता.”

त्यांचा रक्तदाब वाढलेला होता. वजन चार किलो उतरले होते. समारंभानंतर झोप लागेना म्हणून तिकडे झोपेची गोळी सुरू झाली होती. घरात कोणी वाईट वागत नव्हते. पण सकाळी नऊला मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. पहारेकरी कन्नड बोलणार आणि शेजारचे दार बंद. गावी असताना गुरुजी रोज वाचनालयापर्यंत चालत जात, वाटेत चार ठिकाणी थांबत. तिकडे त्यांचे चालणे सुटले, त्याबरोबर बोलणेही सुटले.

एकटेपणाला आपण मनाचे लाड समजतो. ‘सगळे तर आहे, मग कसला एकटेपणा?’ असे सहज म्हणून जातो. पण वैद्यकशास्त्र आता तसे म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणाचा त्रास आहे आणि वर्षाकाठी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, नैराश्य या सगळ्यांचा धोका त्याने वाढतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. माणसांपासून तुटणे हे त्यांतले एक, आणि कमी ऐकू येणे हे दुसरे. म्हाताऱ्या माणसाचे मित्र ही चैन नव्हे. ती त्याच्या औषधाच्या डबीतलीच एक गोळी आहे.

म्हणून माझे मत मी स्पष्टच सांगतो. पंचाहत्तरी ज्याची आहे, त्याला अरे-तुरे करणारी माणसे जिथे जास्त असतील, तिथे ती करावी. मुले जिथे असतील तिथे नव्हे, आणि हॉल जिथे चांगला मिळेल तिथेही नव्हे. चाळीस वर्षांच्या मुलाला प्रवास झेपतो, पंचाहत्तर वर्षांच्या बापाला आणि त्याच्या पंचाहत्तर वर्षांच्या मित्रांना तो झेपत नाही. मग प्रवास कोणी करायचा, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

यावर मुलांची बाजूही ऐकली पाहिजे. रजा मिळत नाही, भाडी परवडत नाहीत, परदेशातून निघणे कागदपत्रांमुळे अवघड असते. या अडचणी खऱ्या आहेत. शिवाय काही आजी-आजोबांना नातवंडांचे घर, त्यांची शाळा, तिकडचे जग मनापासून पाहायचे असते. त्यांना मी आनंदाने पाठवतो. कित्येकांचे गावातले घर तर कधीच विकले गेले आहे. ते कायमचेच तिकडे राहतात आणि परतायला जागाही उरलेली नाही. अशांनी काय करावे? त्यांच्या मुलांना माझी एकच विनंती आहे. दीडशे पाने मांडण्याऐवजी पन्नास मांडा, आणि वाचलेल्या पैशांत वडिलांच्या दोन मित्रांना किंवा आईच्या बहिणीला तिकिटे काढून आठ दिवस बोलावून घ्या. तेही जमत नसेल, तर समारंभाच्या दिवशी फोनच्या पडद्यावर गावातली चार माणसे निवांत, एकेक करून भेटवा. सगळ्यांना एकदम भेटवू नका. गोंगाटात म्हाताऱ्या कानांना काही कळत नाही.

आणखी एक. ‘कशाला उगाच खर्च?’ असे आई म्हणाली, तर तिला काहीच नको आहे असे समजू नका. तिला काय हवे, हे पुन्हा एकदा, एकटीला बसवून विचारा. कोणाला बोलवायचे याची यादी तिच्याकडूनच घ्या. यादीतली पहिली पाच नावे तुम्हाला बहुधा माहीतही नसतील.

आता समारंभ कुठेही असो, काही सावधगिरी हवीच. अशा शांतिकर्मात यजमान सकाळपासून उपाशी असतात. मधुमेहाच्या काही गोळ्या (ग्लिमेपिराइड हे त्यांतले नेहमीचे नाव) आणि इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले तर साखर धोकादायक इतकी खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. तो शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. मुळात हे घडू द्यायचे नसेल तर त्या दिवशीच्या गोळ्यांची वेळ आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावी आणि गुरुजींना मुहूर्त जेवणाच्या वेळेच्या आत बसवायला सांगावा. गुरुजी ऐकतात, असा माझा अनुभव आहे. पाटावर दोन तास मांडी घालण्यापेक्षा खुर्ची बरी. अभिषेकाचे पाणी कोमट असावे. दम्याचा त्रास असेल तर होमाच्या धुरापासून लांब बसावे. बसल्याचे एकदम उठू नये, कारण रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे उठताक्षणी चक्कर येते. नमस्कार करणाऱ्यांची रांग असेल तर उत्सवमूर्तीने बसूनच आशीर्वाद द्यावा. बसून दिलेला आशीर्वाद कमी लागत नाही. आणि श्रीखंड एक वाटी खाल्ले म्हणून आकाश कोसळत नाही, पण चार दिवस उरलेले श्रीखंड संपवण्याचे काम मधुमेही माणसावर सोपवू नये.

प्रवास करावाच लागला तर त्याची पथ्ये वेगळी आहेत. एसटीच्या प्रवासात आपल्या बायका पाणीच पीत नाहीत, आणि कित्येक जण लघवीची गोळी परस्पर टाळतात. दोन्ही वाईट. गोळी कधी घ्यायची ते विचारा, पाणी थोडे थोडे पीत राहा, गाडी थांबेल तिथे उतरा. सलग चार तासांहून अधिक एका जागी बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ सालीच सांगितले आहे. एकूण धोका तसा कमी, सुमारे सहा हजारांत एक, पण पूर्वी गाठ झालेल्यांनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी विचारल्याशिवाय निघू नये. विमानात इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे. खालच्या सामानात ते गोठून निकामी होऊ शकते. गोळ्यांची नावे, मात्रा आणि वेळा लिहिलेला कागद खिशात असावा. अमेरिकेचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास किंवा त्याहून अधिक मागे असते, तेव्हा इन्सुलिनची वेळ कशी बदलायची हे इथेच विचारून जावे.

पैशाचेही पाहावे लागते. ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांसाठी, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून झाली आहे. योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात ती परराज्यातही चालते. गाव सोडण्यापूर्वी हे कार्ड काढून घ्या. परदेशात मात्र ते कामाचे नाही. तिकडच्या प्रवास विम्यात जुना मधुमेह, जुना हृदयविकार धरला आहे की वगळला आहे, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. तेच आधी वाचावे.

आता भेटीविषयी. पंचाहत्तरीला शाली आणि नारळांचा ढीग पडतो. एका माणसाला किती शाली लागतात? त्याऐवजी मुलांनी कानांची तपासणी करून, लागत असेल तर चांगले श्रवणयंत्र द्यावे. मोतीबिंदू पिकण्याची वाट न पाहता डोळे तपासून घ्यावेत. न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला धरायला दांडे बसवावेत. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून टोचून घ्यावी. आई-वडील परक्या शहरात राहत असतील, तर त्या शहरात मराठी बोलणारी माणसे कुठे जमतात याचा शोध घेऊन त्यांना पहिले चार-पाच वेळा स्वतः तिथे नेऊन सोडावे. बंगळूरला आणि हैदराबादला महाराष्ट्र मंडळे आहेत, अमेरिकेतही ठिकठिकाणी आहेत. ‘बाबा, तिथे मंडळ आहे, जात जा’ असे म्हटल्याने म्हातारा माणूस जात नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा मला वाटतो तो समारंभाचा दुसरा दिवस. पाहुणे गेलेले, मांडव उतरलेला, मुलगा परत कामावर. महिनाभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो सरलेला असतो आणि पुढे वाट पाहण्यासारखे काही नसते. या आठवड्यात म्हातारी माणसे खचतात. झोप उडणे, भूक मंदावणे, ‘आता बस झाले’ असे वारंवार म्हणणे, ही लक्षणे दोन आठवड्यांवर टिकली तर त्याला वय म्हणू नका. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. पण त्याआधी साधा उपाय म्हणजे समारंभाच्या दिवशीच पुढच्या भेटीची तारीख सांगून ठेवणे. ‘संक्रांतीला तुम्हाला आठ दिवस गावी नेऊन आणतो’ एवढे वाक्य पुरते. अट एवढीच, की ते पाळले गेले पाहिजे.

त्या गुरुजींच्या मुलाला मी एवढेच पत्र लिहिले होते. पुढचा शहात्तरावा वाढदिवस, ज्याला कुठलेच मोठे नाव नाही, त्याने गावी केला. ना हॉल, ना हार. शाळेमागच्या पारावर सहा जण बसले आणि चहा-भजी झाली. त्याने चमत्कार काही झाला नाही, रक्तदाबाच्या गोळ्या चालूच आहेत. पण आता दर सहा महिन्यांनी गुरुजी पंधरा दिवस गावी येतात, आणि झोपेची गोळी सल्ल्याने हळूहळू कमी करत बंद झाली आहे.

ज्यांच्या घरी येत्या वर्षात पंचाहत्तरी आहे, त्यांनी हॉलची चौकशी करण्याआधी एक काम करावे. आई-वडिलांना अजूनही अरे किंवा अगं म्हणणारी किती माणसे उरली आहेत, ती मोजावीत आणि त्यांची प्रकृती कशी आहे हेही विचारावे. समारंभाची तारीख आणि जागा त्यावरूनच ठरवावी.