वेग कुणाच्या वाट्याला?



"शेजारणीकडे व्हिडिओ झटकन सुरू होतो, आमच्याकडे नुसतं चाक फिरत राहतं. पैसे तर दोघी सारखेच भरतो!" ही तक्रार गेल्या वर्षभरात वस्तीतल्या बैठकांमध्ये मी इतक्यांदा ऐकली, की या वेळी त्यावरच लिहायचं ठरवलं. स्त्रियांच्या अंकात इंटरनेटच्या वेगाचं काय काम, असं काहीजणींना वाटेल. पण तेल, साखर, रॉकेल यांचा तुटवडासुद्धा एकेकाळी घरातली कटकट मानला जायचा. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली, मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या आणि ती कटकट राजकीय प्रश्न बनली.

आज मुलीचा अभ्यास, अंगणवाडीसेविकेची माहिती भरणं, पीडित बाईशी व्हिडिओवरून होणारं समुपदेशन, घरबसल्या मिळवलेलं काम हे सगळं या तारेवर अवलंबून आहे. तेव्हा ती तार कशी चालते हे आपल्याला कळायलाच हवं.

पहिला फरक तारेतच आहे. जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारा संदेश अंतरासोबत क्षीण होत जातो. त्यामुळे एक्स्चेंजपासून लांबच्या घराला वेग कमी मिळतो. फायबरमधून प्रकाश जातो, तिथे गावातल्या अंतराने फारसा फरक पडत नाही. पण फायबरही एकट्या घराचं नसतं. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत सेकंदाला सुमारे अडीच हजार मेगाबिटची एक वाहिनी ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ३२ घरांनी एकाच वेळी पूर्ण वापर केला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ मेगाबिटच्या आसपास येतील. सगळे एकदम वापरत नाहीत, या हिशेबावरच कंपनी जोडण्या विकते. चाळीत सकाळी सगळे नळ एकदम सुटले की शेवटच्या खोलीत नुसती धार येते, तसंच रात्री नऊला होतं. कंपनीने पुढची मोठी वाहिनी अपुरी घेतली असेल, तर अख्ख्या वस्तीलाच ते भोगावं लागतं.

दुसरा फरक कागदावरचा. जाहिरातीत "१०० मेगाबिटपर्यंत" असं लिहितात. त्यातला ‘पर्यंत’ वाचायला शिका. शिवाय आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट. म्हणून १०० च्या जोडणीवर फाइल उतरवताना आकडा फार तर १२ च्या आसपास दिसतो, ती फसवणूक नव्हे. मात्र ठरावीक डेटा संपल्यावर वेग खाली आणणं ही अट अनेक योजनांत असते. ही मर्यादा किती आणि नंतरचा वेग किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा, असा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ सालीच दिला आहे. आणि ज्याला ‘ब्रॉडबँड’ म्हणायचं, त्याचा किमान वेग २०२३ पासून दोन मेगाबिट धरला जातो. दोन मेगाबिटमध्ये एकीचा वर्ग कसाबसा चालेल. तीन मुलांच्या घराचं काय?

आता तिसऱ्या फरकाकडे येते. तो घराच्या आतला आहे, आणि माझ्या मते आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचा. राउटर कुठे असतो? बाहेरच्या खोलीत, टीव्हीजवळ. वाय-फायच्या लहरी भिंतीगणिक कमजोर होतात. लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, आरसा मध्ये आला की आणखी कमी. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण लांब पोचत नाही. २.४ ची लांब पोचते, पण तिचा वेग कमी आणि शेजारच्या सगळ्यांच्या राउटरांची तिथे गर्दी. म्हणजे घरात शंभर आले, तरी मागच्या स्वयंपाकघरात, जिथे कुकर लावता लावता बाई प्रशिक्षण ऐकते, तिथे पाच-दहाच पोचतात. बाहेरच्या खोलीत बसलेल्याला सगळं ठीक दिसतं. तो म्हणतो, "नेट चालू आहे की!"

धान्याचं असो वा पैशाचं, ‘कुटुंब’ हे एकक धरलं की त्याच्या आतलं वाटप दिसेनासं होतं, हे स्त्रीचळवळ कितीतरी वर्षं सांगत आली आहे. वेगाचंही तसंच आहे. जोडणी कुणाच्या नावावर, पासवर्ड कुणाकडे, चांगला फोन कुणाचा, हे विचारल्याशिवाय ‘या घरात इंटरनेट आहे’ या वाक्याला अर्थ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, आपण कधी ना कधी इंटरनेट वापरलं असं सांगणाऱ्या स्त्रिया ३३ टक्के होत्या आणि पुरुष ५७ टक्के. भांडण झालं की पासवर्ड बदलणारे नवरे मला माझ्या कामात भेटले आहेत. ती हिंसाच आहे, तिची नोंद तशीच करा.

२०१९ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयाने फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. वसतिगृहात मुलींना संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल वापरायला बंदी होती, तिच्याविरुद्ध ती लढली. हा निकाल शिबिरांमध्ये जरूर सांगा.

मग करायचं काय? आपल्या गटात एक साधी पाहणी करा. राउटरला वायर लावून, बाहेरच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात, सकाळी, दुपारी व रात्री वेग मोजून वहीत लिहा. वायरवरच कमी असेल तर दोष कंपनीकडे. तक्रार क्रमांक घ्या, दाद लागली नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. दहा घरांच्या नोंदी एकत्र दिल्या की उडवाउडवी करणं कठीण जातं. वायरवर वेग ठीक आणि आत कमी असेल, तर राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणा. त्यासाठी घरात बोलावं लागेल, आणि ते बोलणं राउटरपुरतं राहणार नाही. गावात भारतनेटची जोडणी ग्रामपंचायतीपर्यंत आली असेल, तर ती चालू आहे का आणि बायकांना वापरता येते का, हे महिला ग्रामसभेत विचारा.

ज्या वस्तीत फायदा नाही म्हणून कंपनी तारच टाकत नाही, तिथल्या बहिणींचा प्रश्न राउटर हलवून सुटणार नाही. तिथे संघटितपणे मागणीच करावी लागेल. तुमच्या नोंदी आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात त्या एकत्र मांडू.