माळ्यावरचं रीळ

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला पितळेच्या समईवरचा कळंक कसा काढायचा ते आपण पाहिलं. त्याच दिवसांत आमच्या माळ्याची साफसफाई चालली होती आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीमागे, मेणकापडात गुंडाळलेली एक वस्तू हाती आली. मामंजींचं गळाचं रीळ! आता तुम्ही म्हणाल, बायकांच्या पानात मासे पकडायचं यंत्र कशाला? पण शिलाई मशीनला तेल घालणारी, मिक्सरचं पातं बदलणारी, कुकरची शिट्टी साफ करणारी बाई हे काम पुरुषापेक्षा नीट करते असा माझा अनुभव आहे. घाई नसते ना आपल्याला!

मामंजी बोटीवर नोकरीला होते. १९७४ साली मार्सेलिस बंदरात पगारातून त्यांनी हे रीळ घेतलं. फ्रेंच बनावटीचं, ‘मिचेल ३००’. काळं, अंड्याच्या आकाराचं, डाव्या बाजूला दांडा. (उजव्या दांड्याचं असतं ते ३०१, आणि समुद्रातल्या मोठ्या मासळीसाठीचं थोरलं ते ३०२.) ही रिळं आल्प्सच्या पायथ्याशी क्लूज नावाच्या गावी बनत. ते गाव घड्याळांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध. आतली दातेरी चाकं पाहिलीत की ते पटतं. रजेवर आले की मामंजी वेंगुर्ल्याच्या बंदरावर गरवायला जात आणि सासूबाई संध्याकाळी वाटण तयार ठेवून वाट बघत. सासूबाई २०१९ साली गेल्या. दोन वर्षांनी मामंजींना झटका आला, डाव्या हाताची पकड सैल झाली. बंदर सुटलं. दिवसभर पडवीत बसून रस्त्याकडे बघत राहणं, एवढंच उरलं होतं.

रीळ पाहून धाकटे भावजी म्हणाले, “वहिनी, हात लावू नका. जुनी वस्तू आहे, काचेच्या कपाटात ठेवू. उद्या किंमत येईल.” मला ते पटलं नाही. ही रिळं लाखोंनी खपली, दुर्मिळ वगैरे मुळीच नाहीत. आणि ज्याची वस्तू तो पडवीत बसलेला असताना ती कपाटात का बसवायची? मामंजींना विचारलं तर म्हणाले, “रवांदे गो तां. आता कोण गरवूक जाता?” पण हातातून खाली मात्र ठेवलं नाही त्यांनी. मी ठरवलं.

पहिली गोष्ट, दांडा फिरत नसेल तर जोर करू नका. आत ग्रीस वाळून लाखेसारखं घट्ट झालेलं असतं. जोर केलात की चाकाचा दात तुटतो आणि मग तसला दात शोधत फिरा. मधलं बटण दाबून दोऱ्याची फिरकी अलगद काढा. तिच्यावरचा जुना तंगूस बिनधास्त कापून टाका. उन्हानं आणि वयानं तो ठिसूळ झालेला असतो, कितीही चांगला दिसो. मात्र वेटोळं तसंच कचऱ्यात फेकू नका. कावळ्या-बगळ्यांच्या पायात अडकतं. बोटभर लांबीचे तुकडे करून कागदात बांधून टाका.

मग दांडा काढून बाजूच्या झाकणाचे स्क्रू. खाचेत नेमका बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या. आदल्या रात्री प्रत्येक स्क्रूवर मशीनच्या तेलाचा थेंब सोडून ठेवलात तर सकाळी तो निमूट निघतो. अंड्यांचा रिकामा ट्रे घ्यावा आणि काढाल तो भाग क्रमाने एकेका खळग्यात ठेवावा. शिवाय मोबाइलवर प्रत्येक पायरीला फोटो काढावा. मी पहिल्यांदा काढले नाहीत आणि एक पातळशी चकती कुठल्या बाजूला होती यावर आमच्या ह्यांचं नि माझं अर्धा दिवस वाजलं.

तारेची कमान असते ना, दोरा गुंडाळणारी, तिच्या मुळाशी बारीक स्प्रिंग असते. ती उगाच उघडू नका. मी उघडली! टण्णकन् उडाली ती थेट अदृश्य. फ्रिजवरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून सगळी जमीन पालथी घातली. तिसऱ्या दिवशी तांदळाच्या डब्यामागे सापडली. उघडणं भागच असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन्ही हात घालून उघडा. उडाली तरी पिशवीतच राहते.

धातूचे भाग वाटीभर रॉकेलमध्ये भिजवावेत. रॉकेल मिळत नसेल तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं. खिडक्या उघड्या ठेवा आणि शेगडीपासून लांब बसा, हे काही मी सांगायला नको. जुन्या दात घासायच्या ब्रशनं चाकांच्या दातांतली घाण काढा, मग साबणाच्या पाण्यानं धुऊन फडक्यानं पूर्ण कोरडे करा. प्लॅस्टिकची मूठ रॉकेलात घालू नका. आणि हो, चिंच, व्हिनेगर, पितांबरी यांतलं काहीही बाहेरच्या खोळीला लावायचं नाही. ती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते, वर रंग. आंबटानं धातू खाल्ला जातो आणि घासण्यानं रंग उडतो. खाऱ्या हवेनं आलेली पांढरी भुकटी ओल्या फडक्यानं नि मऊ ब्रशनं जाईल तेवढीच घालवा. थोडे डाग राहिले तर राहू देत. माणसालाही वय झालं की डाग दिसतातच.

जोडताना दातेरी चाकांना ग्रीस, आणि जिथे दांडी फिरते किंवा कमान हलते तिथे तेल. दोन्ही कमीच. पुरणपोळीत पुरण भरतो तसं ग्रीस भरायचं नसतं; दातांवर पातळ थर पुरे.

आता ‘रोज वापरण्याजोगं’ करायचं म्हणजे काय बदलायचं? खरी सुधारणा एकाच ठिकाणी आहे, ती ब्रेकमध्ये. फिरकीच्या आत धातूच्या आणि मऊ चकत्यांचा थर असतो. वरची कळ आवळली की त्या एकमेकींवर दाबल्या जातात. मासा जोरानं ओढू लागला की चकत्या घसरून थोडा थोडा दोरा सोडतात. नाही सोडला तर तंगूस तुटतो आणि मासा तोंडात गळ घेऊन जातो. आमच्या रिळातले मऊ वायसर वाळलेल्या सोलांसारखे कडक झाले होते. गळाचं सामान विकणाऱ्या दुकानात हल्ली कार्बन फायबरचे वायसर मिळतात. जुन्याचा बाहेरचा व्यास, आतलं भोक आणि जाडी तिन्ही मोजून न्या. जाडी चुकली तर कळ बसत नाही.

ब्रेक किती आवळायचा? इथे प्रवासाच्या बॅगा तोलायचा टांगता काटा कामाला येतो. तंगूस काट्याच्या आकड्याला बांधून ओढा. तंगूस जितक्या किलोचा, त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर दोरा सुटायला लागला पाहिजे. म्हणजे ६ किलोच्या तंगुसाला दीड ते दोन किलो. घरी परतलं की कळ सैल करून ठेवावी, म्हणजे चकत्या दबून बसत नाहीत.

दोरा मात्र साधा नायलॉनचाच भरा. विणीचा नवा दोरा बारीक नि चिवट खरा, पण जुन्या कमानीवर तो घासून खाच पाडतो, आणि गुळगुळीत फिरकीवर सरळ गुंडाळला तर आख्खा गरगर फिरतो. फिरकीच्या काठाखाली दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून थांबा.

राहिली मूठ. मामंजींच्या डाव्या हातात ती इवलीशी मूठ राहीना. सावंतवाडीला लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडून लिंबाएवढा गोल गट्टू कातून आणला, रंग न देता, म्हणजे ओल्या हातातून निसटणार नाही. तो बसवला. मूळची मूठ आणि जुने वायसर एका डबीत, वर चिठ्ठी लावून ठेवलेत. भावजींच्या कपाटासाठी, उद्या लागलंच तर.

बंदरावरून आलं की रोजचं एवढंच करा: ब्रेकची कळ आवळून, नळाची बारीक धार, मग सावलीत वाळवणं. जोराचा फवारा नको, खारं पाणी उलट आत शिरतं. वाळलं की कमानीच्या सांध्याला तेलाचा एक थेंब द्या आणि कळ पुन्हा सैल करा.

रीळ तयार झालं त्या संध्याकाळी मी ते पडवीत नेऊन मामंजींच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी गट्टू धरला. दोन वेळा सुटला. तिसऱ्यांदा फिरवला तशी आतून ती बारीक टिकटिक आली, घड्याळासारखी. “फिरता मां ह्यां!” एवढंच म्हणाले आणि कितीतरी वेळ फिरवत राहिले.

पुढच्या रविवारी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून बंदरावर गेले. अंधार पडल्यावर आले, रिकाम्या हाताने. तांबोशी लागली होती म्हणे, पण वीतभरच होती म्हणून परत सोडली. नातू गालात हसत होता. मी काही विचारलं नाही. वाटण फ्रिजमध्ये ठेवलं आणि त्या रात्री पिठल्यावर भागवलं.