कांचपेटींतील शेवाळ

आमच्या शास्त्रगृहांत, तराजूंच्या कपाटाशेजारीं, जी कांचेची पेटी ठेविली आहे ती आमच्या बहुतेक वाचकांनीं एकदां तरी पाहिली असेलच. ती दोन फूट लांब असून तिच्यांत सुमारें ६० लिटर खारें पाणी राहतें. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊन मासे, दहा-बारा शंख, शंखांत घर करून राहणारे दोन लहान खेकडे, आणि दगडांवर शर्टाच्या गुंड्यांएवढे फुलणारे मऊ प्रवाळ, इतकाच तिचा संसार. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पालकसभेच्या दिवशीं ही पेटी इतकी हिरवीगार झाली होती कीं, आंत मासे आहेत कीं पालेभाजी लाविली आहे, असा प्रश्न एका गृहस्थांनीं आम्हांस केला. त्यानंतर दोन सूचना आल्या. हें घाणेरडें डबकें शाळेंतून काढून टाकावें, ही एक; आणि शेवाळ मारण्याचें औषध बाजारांत मिळतें, त्याची बाटली आणून ओतावी, ही दुसरी. सूचना करणारांच्या सद्हेतूविषयीं आम्हांस मुळींच शंका नाहीं. परंतु दोन्ही सूचना आम्हांस मान्य नाहींत, आणि त्या कां मान्य नाहींत हें ज्यांचीं मुलें ह्या पेटीपाशीं मधल्या सुट्टींत उभीं असतात त्यांस सांगणें आमचें कर्तव्य आहे.

औषधाची गोष्ट आधीं सांगतों, कारण तो प्रयोग आम्हीं करून चुकलों आहों. दोन वर्षांपूर्वीं आमची पहिली पेटी अशीच हिरवी झाली असतां आम्हीं एका दुकानांतून बाटली आणिली आणि शनिवारीं सायंकाळीं तिच्यावर लिहिल्याप्रमाणें थेंब मोजून ओतले. सोमवारीं सकाळीं दार उघडलें तों घाण वास आला. शेवाळ मेलें होतें हें खरें. पण मेलेलें शेवाळ कोठें जाणार? तें तेथेंच कुजलें, कुजतांना त्यानें पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकिला, आणि मासे तळाशीं आडवे पडलेले आढळले. सहावीच्या वर्गांतील दोघां मुलांनीं त्यांस बागेंत पुरलें. आणखी लाजेची गोष्ट ही कीं, तीन आठवड्यांनीं त्याच दगडांवर तेंच शेवाळ पूर्वीपेक्षां दाट उगवलें. ज्या अन्नावर तें वाढलें होतें तें अन्न पाण्यांतच होतें. आम्हीं फक्त खाणारास मारिलें होतें.

मग हें अन्न येतें कोठून? समुद्राच्या पाण्याप्रमाणें मीठ घालून पाणी तयार केलें कीं झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. माशांस आपण जें खाऊं घालतों त्यांत नत्र असतें व स्फुरद असतो. माशांनीं खाल्लेलें व न खाल्लेलें असें दोन्ही अखेर अॅमोनिया होतें. अॅमोनिया हें माशांस विष. दगडांच्या छिद्रांतून राहणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करितात, आणि येथें बहुतेक लहान पेट्यांची गाडी थांबते. नायट्रेट माशांस फारसें बाधत नाहीं, म्हणून तें सांचत जातें. स्फुरदाचें फॉस्फेट होऊन तेंही सांचतें. अफाट समुद्रांत हें सर्व विरून जातें. ६० लिटरांत तें कोठें विरणार!

आमच्या पेटीची चौकशी केली तेव्हां जें उघड झालें त्यानें आम्हांस हसूंही आलें आणि खेदही झाला. सकाळीं सातवीचीं मुलें माशांना चिमूटभर दाणे टाकीत. मधल्या सुट्टींत पांचवीचीं टाकीत, कारण सातवीनें टाकिले हें त्यांस ठाऊक नव्हतें. शाळा सुटतांना शिपाईमामा टाकीत, कारण मासे कांचेशीं येऊन तोंड उघडझांप करितात आणि त्यांस तें पाहवत नसे. (क्लाऊन मासे पोट भरलेलें असतांही तसेंच करितात, ह्या बाबतींत ते आमच्या कांहीं विद्यार्थ्यांसारखे आहेत.) शिवाय उन्हानें उडालेल्या पाण्याची भर नळाच्या पाण्यानें केली जात असे. पाणी उडतें तें शुद्ध उडतें. मीठ मागें राहतें, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालावी लागते हें बरोबर. पण नळाच्या पाण्यांतील नायट्रेट, फॉस्फेट व सिलिकेट हींही मागें राहतात व प्रत्येक तांब्यागणिक वाढत जातात. आतां आम्ही गाळणयंत्राचें पाणी वापरतों, तेंही यंत्राच्या कांट्यावर शून्याजवळ आलेलें पाहून मगच. घरगुती यंत्रांतून चवीसाठीं थोडें मूळ पाणी मिसळलेलें असतें, हें ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल त्यांनीं ध्यानांत ठेवावें.

दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदललें कीं सर्व ठीक होतें असें म्हणणारांसाठीं एक गणित देतों. आठवीच्या मुलांनीं तें वहींत करून पाहावें. पाण्यांत नायट्रेट दशलक्षांत ४० भाग आहे. दहावा हिस्सा पाणी बदललें म्हणजे तें ३६ होईल. पण आठवडाभराच्या खाण्यानें त्यांत ४ ची भर पडत असेल तर पुढच्या शनिवारीं आंकडा पुन्हां ४०. अशी बादली वर्षभर उचलली तरी ४० चे ३९ व्हावयाचे नाहींत! आतां खाणें निम्में करा, म्हणजे भर २ ची राहील. मग तोच बदल आंकड्यास हळूहळू २० कडे ओढूं लागतो. मात्र तो ३० च्या खालीं उतरण्यास सात आठवडे लागतात. हे सात आठवडे कोणासही सोसवत नाहींत आणि मग बाटलीची आठवण होते.

दुसरा एक चकवा असा. नळकांडींत रंग पाहून फॉस्फेट मोजलें तर हिरव्यागार पेटींतही तें कधीं कधीं अगदीं थोडें दिसतें. कारण जें होतें तें शेवाळानें आधींच खाल्लेलें असतें. आणि आमचे दगड सिमेंट व शिंपल्यांचा चुरा ह्यांचे केलेले आहेत. चुनखडीचे दगड महिनोन्महिने फॉस्फेट पोटांत साठवितात व पाणी स्वच्छ झालें कीं तें परत सोडूं लागतात. म्हणून नळकांडीवर जितका विश्वास ठेवावा तितकाच डोळ्यांवरही ठेवावा.

आतां आमची दुसरी चूक, जी पहिलीहून अधिक शिकवून गेली. पालकसभेनंतर आम्ही इतके शरमलों कीं, नाताळाच्या सुमारास आम्हीं पाण्यांतील फॉस्फेट साफ काढून टाकण्याचा चंग बांधला. लोहभस्मासारखे तपकिरी दाणे मिळतात, ते फॉस्फेट शोषून घेतात. त्यांची पिशवी पाण्याच्या धारेंत टांगली. पंधरा दिवसांत आंकडा शून्य झाला. आम्हांस मोठें समाधान वाटलें. तोंच प्रवाळांच्या गुंड्या मिटल्या त्या मिटल्याच, आणि दगडांवर तपकिरी, बुळबुळीत, मध्यें मध्यें हवेचे बुडबुडे अडकलेले दोरे लोंबूं लागले. हे डायनोफ्लॅजेलेट नांवाचे सूक्ष्म जीव होत. पाण्यांतील पोषण अगदीं निपटून काढलें म्हणजे इतर शेवाळें उपाशीं मरतात आणि ह्यांचें फावतें. अखेर ती पिशवी काढून खाणें किंचित् वाढवावें लागलें! स्वच्छतेच्या हौसेनें केलेली ही घाण जाण्यास सहा आठवडे लागले. तेव्हांपासून आम्ही शून्याच्या नादीं लागत नाहीं. नायट्रेट दशलक्षांत ५ च्या आसपास आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान असलें तर आम्हांस पुरे.

ह्यांतली खरी मौज अशी कीं, प्रवाळ स्वतःच शेवाळावर जगतो. त्याच्या मांसांत कोट्यवधि सूक्ष्म एकपेशीय शेवाळें राहतात व सूर्यप्रकाशावर साखर तयार करून धन्यास देतात. आणि हीं शेवाळें त्या तपकिरी दोऱ्यांच्याच गोत्रांतलीं आहेत. ज्या बाईनें घरांत प्रथम पोंवळीं जगवून दाखविलीं तिनेंही समुद्रवनस्पतींचेंच साहाय्य घेतलें. अॅना थिन हिनें १८४६ सालीं इंग्लंडच्या टॉर्के येथील किनाऱ्यावरून पोंवळीं लंडनास नेलीं. पाण्यांत हवा खेळावी म्हणून तिची मोलकरीण उघड्या खिडकीशीं उभी राहून रोज पाणी ह्या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतीत असे. पुढील वर्षीं तिनें पाण्यांत वनस्पति घातल्या, तेव्हां कोठें त्या मुलीच्या हातांस विश्रांति मिळाली असेल. शेवाळ शत्रु असा धडा मुलांस देणें म्हणूनच आम्हांस चुकीचें वाटतें. तें कोठें वाढावें, एवढाच प्रश्न आहे.

आणि त्याची जागा आम्हीं नेमून दिली आहे. पेटीमागें एक लहान कप्पा करून त्यांत चेटोमॉर्फा नांवाचें शेवाळ ठेविलें आहे. दिसण्यास तें हिरव्या तारेच्या गुंत्यासारखें. पेटींतला दिवा आठ तासांनीं मालवला कीं ह्या कप्प्यावरचा दिवा लागतो व रात्रभर राहतो. महिन्यांतून एकदां मूठभर गुंता कापून, धुऊन, बागेच्या खतखड्ड्यांत टाकितों. जें नत्र व स्फुरद माशांच्या खाण्यांतून आंत गेलें तें ह्या मुठींतून बाहेर येतें. उरलें तें शंख चरतात. शंखांची कामगिरी अगदीं मुकाट्याची असते, पण सकाळीं कांचेवर त्यांच्या चरण्याच्या नागमोडी वाटा दिसतात.

हा प्रकार कांचपेटीपुरताच आहे असें कोणी समजूं नये. हवाई बेटांत कानेओहे नांवाचें आखात आहे. तेथें अनेक वर्षें वस्तीचें सांडपाणी सोडलें जात होतें व हिरव्या फुग्यांसारखें एक शेवाळ प्रवाळांवर पसरून त्यांस गुदमरवीत होतें. १९७७-७८ सालीं तें सांडपाणी वळवून खोल समुद्रांत नेलें, आणि १९८३ च्या पाहणींत शेवाळ पुष्कळ ओसरलेलें व प्रवाळ पसरलेला आढळला. त्याच वर्षीं जमैकाच्या समुद्रांत उलट घडूं लागलें. अति मासेमारीनें तेथील चरणारे मासे आधींच कमी झाले होते. १९८३-८४ त रोगानें लांब कांट्यांचे काळे समुद्र-साळू मेले, आणि चरणारें कोणीच उरलें नाहीं. १९७० नंतरच्या दशकाअखेर जेथें निम्म्याहून अधिक खडक जिवंत प्रवाळानें झांकलेला होता, तेथें १९९० नंतर शेंकडा ५ देखील उरला नाहीं. बाकी सर्व शेवाळ. १९८० च्या वादळाचाही त्यांत वांटा होता. एके ठिकाणीं अन्न फार झालें, दुसऱ्या ठिकाणीं चरणारे संपले. आमच्या मुलांनीं हीं दोन्ही नांवें भूगोलांत वाचण्यापूर्वीं कांचेमागें तोच प्रकार पाहिला, हें ज्यांस डबकें वाटतें त्यांच्याशीं आमचा मतभेद आहे.

दोन गोष्टी पालकांनीं आपल्या मुलांस बजावून सांगाव्या. सुट्टींत मालवणास जाणारीं मुलें शाळेच्या पेटीसाठीं म्हणून पोंवळ्याचा तुकडा आणण्याचा बेत करितात. त्यांचें प्रेम आम्ही जाणतों, पण तसें करूं नये. तेथील समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि खडक बांधणारे सर्व प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. मेलेला तुकडा उचलून आणणें हाही गुन्हा होय. आमच्या पेटींत तसला एकही प्रवाळ नाहीं, व मासे पैदास केंद्रांत जन्मलेले आहेत. दुसरें असें कीं, मऊ प्रवाळांच्या कांहीं जातींत पॅलिटॉक्सिन नांवाचें अतिशय जहाल विष असतें. हातमोजे व चष्मा घातल्यावांचून कोणीही पेटींत हात घालूं नये. त्यांचा दगड गरम पाण्यानें धुण्याचें तर मनांतही आणूं नये.

पेटी राहावी असें आमचें मत आहे, आणि ती एका विद्यार्थ्याच्या हवालीं एक आठवडा, अशी राहावी. माशांस खाऊं घालण्याचा अधिकार त्या आठवड्यांत त्या एकाचाच. किती घातलें, किती पाणी बदललें, आंकडे काय आले, प्रवाळ उघडे होते कीं मिटलेले, हें त्यानें वहींत लिहावें. जानेवारीपासून अशी वही चालू आहे. तींत शाईचे डाग पुष्कळ आहेत आणि नववीच्या एका मुलीनें "आज कांहीं केलें नाहीं, सर्व ठीक" असें सलग चार दिवस लिहिलें आहे. तो आठवडा वहींतला सर्वांत चांगला आहे.

आतां मे महिन्याची सुट्टी येत आहे. दिव्यांस घड्याळ लाविलें आहे, पाण्याच्या पातळीची खूण कांचेवर चिकटविली आहे. एक दिवसाआड एक, अशा २२ पुड्या मुलांनीं बांधून शिपाईमामांकडे दिल्या असून प्रत्येकीवर तारीख घातली आहे. सुट्टींत कोणी शाळेवरून जात असतां माशांची विचारपूस करण्यास आलें तर आम्हांस आनंदच वाटेल. येतांना हात मात्र रिकामे असावे.