नाव कुणाचे, काम कुणाचे?

एखादा नट किंवा क्रिकेटपटू दुखण्यातून उठला, की थोड्याच दिवसांत त्याच्या नावाच्या ‘फाउंडेशन’ची घोषणा होते. हेतूविषयी मला शंका नाही. नव्या संस्थेच्या गरजेविषयी आहे. बँकेत असताना अशा न्यासांची खाती मी पाहिली आहेत. उद्घाटनाच्या आठवड्यात देणग्या धो-धो येत. वर्षभराने धनादेश कुणाच्या नावे निघतात ते बघावे, तर छापखाना, कार्यालयाचे भाडे, हिशेबतपासनीस. औषध दुकानदाराचे नाव शोधावे लागे.

पु. ल. देशपांडे यांचे उदाहरण आठवते. त्यांच्याहून लोकप्रिय मराठी माणूस सापडणे कठीण, आणि स्वतःचे प्रतिष्ठानही होते. अनिल अवचट यांचे गर्दच्या व्यसनावरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. मनात आणते, तर पुलंच्या नावाचे व्यसनमुक्ती केंद्र सहज उभे राहते. त्यांनी एक लाख रुपये पुढे केले, ते अवचट दांपत्याच्या कामासाठी. डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. व्यसनी माणूस आणि त्याची रडकुंडीला आलेली बायको त्यांच्या रोजच्या ओळखीची. 1986 च्या ऑगस्टमध्ये त्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. सुनंदाताई 1997 मध्ये गेल्या, पु. ल. 2000 मध्ये, अवचट 2022 मध्ये. केंद्र चालू आहे.

मग कलावंताने स्वतः काही उभारूच नये का? उभारावे, पण मग त्याचा व्यापही घ्यावा. आपल्या हिंगणा मार्गावरच्या रुग्णालयाला लता मंगेशकरांचे नाव आहे. चालवते ते विद्या शिक्षण प्रसारक मंडळ. पुण्यात मात्र मंगेशकर कुटुंबाच्याच न्यासाने 2001 मध्ये दीनानाथांच्या नावे मोठे रुग्णालय उभे केले. एवढे काम साध्या माणसाच्या शब्दावर होत नाही, हे मान्य. पण एप्रिल 2025 मध्ये, अनामत रकमेअभावी एका गर्भवतीला तिथे दाखल करून घेतले नाही, असा आरोप झाला. ती पुढे दुसरीकडे दगावली. गदारोळानंतर तातडीच्या रुग्णांकडून अनामत न घेण्याचे रुग्णालयाने जाहीर केले. अशा वेळी प्रशासकाचे नाव कुणाला ठाऊक नसते. फलकावरचे सगळ्यांना असते.

कायद्याने धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ठरवून दिलेली ही योजना गडचिरोलीहून रात्रीच्या एस.टी.ने आलेल्या माणसाला सांगणार कोण? प्रसिद्ध माणसाने दूरदर्शनवर दोन मिनिटे हेच सांगितले, तरी एका नव्या न्यासाहून ते मोलाचे. आणि पैसेच द्यायचे असतील, तर आपल्या मेडिकलमध्ये किंवा मेयोत कॅमेऱ्याशिवाय एक फेरी मारावी. समाजसेवा अधीक्षकांना विचारावे, रुग्णांना कोणते औषध बाहेरून आणावे लागते.