कपारीतला हंसराज



मृगाचा पाऊस सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले, की मिरकरवाडा बंदराकडून भगवती किल्ल्याकडे जाताना जांभ्याच्या दरडींकडे जरा लक्ष देऊन पाहा. उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत असलेली तांबडी दरड काही जागी हिरवी झालेली दिसेल. जिथे कपार आहे, वरून आडोसा आहे आणि आतून पाणी पाझरते, तिथे हा हिरवा रंग अधिक. त्यात एक नाजूक झाड हमखास सापडते. त्याचे नाव हंसराज. कोणी त्याला घोडखुरीही म्हणतात.

हंसराज हा नेच्याचा एक प्रकार. देठ काळा, तुकतुकीत, घोड्याच्या शेपटीच्या केसासारखा. त्यावर अर्ध्या चंद्राच्या आकाराची पातळ पाने दोन्ही बाजूंना ओळीने लागतात. पान पाण्यात बुडवून बाहेर काढा. पाण्याचे थेंब घरंगळून जातात आणि पान कोरडेच राहते. लिनियस या शास्त्रज्ञाने 1753 साली याचे शास्त्रीय नाव ठेवले, ‘ॲडिअँटम फिलिपेन्स’. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थच न भिजणारे असा आहे.

या झाडाला फूल नाही, फळ नाही, बी नाही. मग ते वाढते कसे? पान उलटे करून पाहा. कडेला दुमडलेली तपकिरी पट्टी दिसेल. तिच्याखाली धुळीसारखे बारीक बीजाणू असतात. पिकलेले पान रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथे ठेवले, तर सकाळी कागदावर तपकिरी भुकटी पडलेली दिसते. मुलांना हा प्रयोग जरूर करायला सांगा.

वाऱ्याने उडालेला बीजाणू ओल्या कपारीत पडला, की त्यातून आधी हंसराज उगवत नाही. नखाएवढी सुद्धा नसलेली एक हिरवी चकती तयार होते आणि त्या चकतीवर पुढे नेच्याचे रोप धरते. बहुतेक नेच्यांत त्यासाठी नर-मादी पेशींचे मिलन लागते, आणि नरपेशी पोहत जातात, म्हणून पाण्याचा पातळ थर हवाच. हंसराजाच्या काही वाणांत मिलनावाचूनही रोप होते. पण चकती जगायला ओल हवीच. नेच्यांचे हे दोन पिढ्यांचे कोडे 1851 साली हॉफमाइस्टर या जर्मन गृहस्थाने उलगडले. तो वडिलांच्या पुस्तकांच्या दुकानात काम करी आणि वनस्पतींचा अभ्यास स्वतःच शिकला होता.

हंसराजाची दुसरी युक्ती त्याहून सोपी. त्याच्या पानाचा शेंडा लांब होऊन वाकतो, मातीला टेकतो, मुळ्या धरतो आणि तिथे नवे रोप उभे राहते. एका कपारीतून दुसऱ्या कपारीत तो असा पाऊल टाकीत जातो.

दिवाळीनंतर ओल कमी झाली, की पाने वाळून जातात. झाड मेले असे वाटते. पण फटीतले खोड जिवंत असते आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटते. म्हणून उन्हाळ्यात गडगा साफ करताना कपारी खरवडून काढू नका, जाळू नका, तणनाशक मारू नका.

आता तुमच्या कामाची गोष्ट. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेले पाणी त्यातून खाली मुरते, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडते आणि दरडीतून बाहेर पाझरते. भोवतालची पाने वाळली तरी एखाद्या ओळीत हंसराज हिरवा राहिला, तर त्या ओळीत ओल टिकून आहे असे समजा. ही खूण दोन कामांना उपयोगी पडते.

पहिले काम पाण्याचे. ती जागा चुना लावून नोंदवून ठेवा. कपार न फोडता खालच्या बाजूला चिऱ्यांचे लहान टाके बांधले, तर गुरांना व परसातल्या भाजीला पाणी मिळू शकते. विहीर खणायची असेल, तर मात्र केवळ झाड पाहून खणू नका. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा सल्ला घ्या.

दुसरे काम जिवाचे. जिथे पाणी पाझरते, तिथली माती भिजून ढिली होते. घराच्या मागे अशी ओळ असेल, तर अंगण वाढविण्यासाठी दरड उभी कापू नका. वरचे पाणी चर काढून बाजूला वळवा आणि तो चर पावसाआधी साफ करा. जुलै 2021 मध्ये आपल्याच जिल्ह्यातील खेड तालुक्यात पोसरे येथे दरड कोसळून माणसे गेली, हे विसरता येत नाही. जमिनीला नवी भेग पडली, झाडे कलली किंवा पाझर एकाएकी गढूळ झाला, तर सामान आवरीत बसू नका. घर सोडून गावात कळवा.

हंसराज औषधी म्हणून उपटून नेणारेही असतात. वैद्याने सांगितले असेल, तर पाने कापून घ्या, मूळ राहू द्या. आणि वैद्याला विचारल्यावाचून कोणताही काढा लहान मुलांना किंवा गरोदर बाईला देऊ नका.

येत्या पावसात आपापल्या दरडी पाहून ठेवा.