समजून घ्या : मावळात बंदी दरवर्षी, मग आखीव पायवाटा कधी?

पावसाळ्यातल्या रविवारी पुण्याहून आलेली लोकल मळवलीला निम्मी रिकामी होते. उतरलेले बहुतेक जण एकाच दिशेने निघतात, भाजे आणि लोहगडाकडे. लोणावळ्यात तीच गर्दी भुशी धरणावर असते. एवढ्या मोठ्या मावळात माणसे मोजक्याच ठिकाणी का कोंबली जातात? कारण बाकीच्या वाटा माहीत असतात त्या फक्त गावकऱ्यांना आणि सराईत ट्रेकर्सना.

प्रश्न किती गंभीर आहे?

३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले ५ जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून ४ जणांचा मृत्यू झाला. दोन्ही दिवस रविवार होते. त्यातच जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थापत्यातले १२ किल्ले आले, त्यात लोहगडही आहे. म्हणजे गर्दी वाढणारच.

मग बंदी पुरेशी नाही का?

धोक्याच्या ठिकाणी बंदी हवीच. पण 'इथे जाऊ नका' म्हणताना 'मग कुठे जा' हे कोणीच सांगत नाही. राज्याचे २०२१ चे साहसी पर्यटन धोरण ट्रेक नेणाऱ्या संस्थांसाठी नोंदणी आणि सुरक्षेचे नियम घालते. रील पाहून चार मित्रांसोबत आलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही. शिवाय किल्ला पुरातत्त्व खात्याचा, जंगल वन विभागाचे, पायथा ग्रामपंचायतीचा आणि मधली वाट कुणाच्या तरी मालकीच्या शेतातून. त्यामुळे वाटेला वालीच नाही.

आखीव पायवाट म्हणजे काय?

सिमेंटचा रस्ता नव्हे. आहे तीच वाट, पण नकाशावर नोंदलेली, काठिण्यपातळी ठरलेली आणि ठरावीक अंतरावर क्रमांकाचे दगड असलेली. उदाहरणार्थ, मळवली स्टेशन, भाजे, गायमुख खिंड, विसापूर, बेडसे लेणी आणि शेवटी कामशेत स्टेशन. लोकलने यायचे, लोकलनेच परतायचे. पार्किंगचा प्रश्नच नाही.

फायदा काय?

पहिला फायदा जिवाचा. हरवलेला माणूस फोनवर 'धबधब्याजवळ आहे' एवढेच सांगतो, आणि पावसाळ्यात मावळात धबधबे पावलोपावली असतात. त्याने दगडावरचा क्रमांक सांगितला, तर लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या बचाव पथकाचा शोधाशोधीचा वेळ वाचेल.

दुसरा फायदा, बंदी नेमकी होईल. ओढ्याला पाणी चढले तर तेवढाच टप्पा बंद करता येईल.

तिसरा फायदा गावाचा. राजमाचीच्या उधेवाडीत ट्रेकर्स गावातल्या घरांत जेवतात, मुक्काम करतात. हा पैसा आडबाजूच्या वाड्यांपर्यंतही पोहोचायला हवा. जपानच्या कुमानो कोदो या तीर्थवाटांवर क्रमांकाचे खांब आहेत, छोट्या गावांत मुक्कामाची सोय आहे. त्या वाटा २००४ पासून जागतिक वारसा आहेत. आपल्यालाही हे नवे नाही. देहू-आळंदीच्या पालख्यांचे मुक्काम आधीच ठरलेले असतात.

फलकांमुळे गर्दी आणखी वाढणार नाही?

ही भीती रास्त आहे. म्हणूनच सगळ्या वाटा उघडू नयेत. देवराया आणि नाजूक जंगलातल्या वाटा मुद्दाम नकाशाबाहेर ठेवाव्यात. मात्र गर्दी आधीच आलेली आहे, हेही मान्य करावे लागेल. रील धबधबा दाखवते, परतीची वाट दाखवत नाही.

सुरुवात कुठून?

पुढच्या पावसाळ्याआधी एकच वाट आखावी. खुणांचे दगड, नकाशा आणि देखभालीची जबाबदारी वाटेवरच्या ग्रामपंचायतींना द्यावी, त्यासाठी प्रवेश शुल्कातला ठरलेला वाटाही द्यावा. वन विभाग, पुरातत्त्व खाते आणि जिल्हा प्रशासनाने मिळून एक अधिकारी नेमावा. बंदीचा आदेश दरवर्षी नव्याने काढावा लागतो. दगड एकदा रोवला की वर्षानुवर्षे वाट सांगत राहतो.